लुई आर्मस्ट्राँग: कोणते चरित्र वाचावे आणि १९२३ ते १९२८ ची ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. अमेरिकन जाझ वादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या इतक्या चरित्रांपैकी आधी कोणते वाचावे. जन्मतारखेपासून गाजलेल्या तबकड्यांपर्यंतच्या हकिकती प्रत्येक पुस्तकात वेगळ्या का सांगितलेल्या असतात. आणि १९२३ ची ध्वनिमुद्रणे ऐकताना आपल्याला केवळ गलका ऐकू येत असेल, तर जाणकार त्यांना एवढे का मानतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या स्वच्छ करून त्यांचे डिजिटल रूपांतर करणे हे माझे काम असल्यामुळे मी या प्रश्नांकडे तबकडीच्या बाजूने पाहते, आणि माझे मत आधीच सांगते: आर्मस्ट्राँग यांचे कोणतेही चरित्र तबकड्या समोर न ठेवता वाचू नये. पुस्तकांत त्यांचे जे रूप पुन्हा पुन्हा रंगवले गेले, म्हणजे उपजत देणगी लाभलेला, फारसा विचार न करता वाजवणारा मुलगा, ते तबकड्यांतून आणि त्या काळच्या कागदपत्रांतून दिसणाऱ्या माणसाशी जुळत नाही.

एकच पुस्तक घ्यायचे असेल तर रिकी रिकार्डी यांचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ घ्यावे. ते १९०१ ते १९२८ एवढ्याच काळाविषयी आहे, आणि आपल्याला नेमका तोच काळ समजून घ्यायचा आहे. रिकार्डी न्यूयॉर्कमधील लुई आर्मस्ट्राँग हाउस म्युझियमचे संग्रह सांभाळतात, त्यामुळे आर्मस्ट्राँग यांची पत्रे, वह्या आणि त्यांनी घरी भरलेल्या शेकडो टेप त्यांच्या रोजच्या हाताखालच्या आहेत. दोन पुस्तके घेता येत असतील तर दुसरे आर्मस्ट्राँग यांचे स्वतःचे ‘सॅचमो: माय लाइफ इन न्यू ऑर्लिन्स’ (१९५४) असावे. ऑगस्ट १९२२ मध्ये आपले गुरू, बँडप्रमुख किंग ऑलिव्हर यांच्या बोलावण्यावरून ते शिकागोला पोहोचतात तिथेच ते संपते. म्हणजे पहिल्या तबकडीच्या उंबरठ्यावर वाचक उभा राहतो. गद्य त्यांचेच आहे, आणि ज्या वस्तीत ते वाढले तिथली माणसे, मारामाऱ्या, जेवण, अंत्ययात्रांतले बँड हे सारे त्यांनी कोणाचीही लाज न बाळगता लिहिले आहे.

त्यांच्या नावावरचे पहिले पुस्तक, १९३६ चे ‘स्विंग दॅट म्युझिक’, मात्र जपून वाचावे. त्यात दुसऱ्या हाताचा रंग इतका दाट आहे की कोणते वाक्य आर्मस्ट्राँग यांचे आणि कोणते संपादकाचे हे ओळखणे कठीण जाते. १९४७ मध्ये आलेले रोबेर गॉफॅं यांचे ‘हॉर्न ऑफ प्लेंटी’ तर जवळजवळ कादंबरीच्या वळणाने लिहिलेले आहे. गंमत अशी की त्यासाठी आर्मस्ट्राँग यांनी गॉफॅं यांना स्वतः वह्या भरून मजकूर पाठवला होता, आणि तो मूळ मजकूर त्यावरून बनलेल्या पुस्तकापेक्षा कितीतरी जिवंत आहे. १९९९ मध्ये टॉमस ब्रदर्स यांनी संपादित केलेल्या ‘लुई आर्मस्ट्राँग, इन हिज ओन वर्ड्स’ या संग्रहात त्या वह्या छापल्या गेल्या. त्याच संग्रहात १९६९ मध्ये रुग्णालयात असताना सुरू केलेले एक दीर्घ टिपण आहे, ज्यात ते लहानपणी ज्यांच्या गाडीवर काम करीत त्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाबद्दल कृतज्ञतेने लिहितात. पहिला कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखे आखूड पितळी फुंकवाद्य, घेण्यासाठी या कुटुंबाने पैसे उसने दिले, असे ते त्यात सांगतात. १९५४ च्या पुस्तकात या कुटुंबाला जागा नाही. एकाच माणसाने एकच बालपण पंधरा वर्षांच्या अंतराने सांगताना काय घेतले आणि काय सोडले, हे ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्या आठवणींचा पुरावा म्हणून वापर करू नये.

जन्मतारखेचा घोळ याच प्रकारचा आहे. आर्मस्ट्राँग आयुष्यभर ४ जुलै १९०० ही आपली जन्मतारीख सांगत आले. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि शतकाचा आरंभ असा हा योग चरित्रकारांना फार आवडला. काहींना तो संशयास्पदही वाटला, आणि जेम्स लिंकन कॉलियर यांनी १९८३ च्या आपल्या चरित्रात जन्म त्याहून आधीचा असावा असा तर्क लढवला. पुढे न्यू ऑर्लिन्सचे अभ्यासक टॅड जोन्स यांना सेक्रेड हार्ट ऑफ जीझस चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची नोंद सापडली. तिच्यात जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा आणि बाप्तिस्मा २५ ऑगस्टचा आहे, आणि मूल कृष्णवर्णीय व अनौरस असल्याचे लॅटिन शब्दही लिहिलेले आहेत. गॅरी गिडिन्स यांनी १९८८ च्या आपल्या ‘सॅचमो’ याच नावाच्या चरित्रात ही नोंद वाचकांपुढे आणली. त्यामुळे १९८८ पूर्वीच्या कोणत्याही पुस्तकात वयाचा जो हिशोब असेल तो एका वर्षाने तरी चुकलेला आहे असे धरून चालावे. हा तपशील क्षुल्लक नाही. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते २१ वर्षांचे होते हे कळल्यावर तिथले सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेले तुकडे, वेगळ्या कानाने ऐकले जातात.

कॉलियर यांच्या पुस्तकाबद्दल एक वाक्य लिहिणे भाग आहे, कारण ग्रंथालयांत तेच पुष्कळदा हाती लागते. त्यांचे कान चांगले आहेत, सुरुवातीच्या सोलोंची त्यांनी केलेली फोड आजही उपयोगी पडते. पण माणसाचे मन उलगडण्याच्या नादात आणि १९२८ नंतर सारी घसरणच झाली हे सिद्ध करण्याच्या हट्टात ते पुस्तक अन्यायकारक झाले आहे. टेरी टीचआउट यांचे ‘पॉप्स’ (२००९) संपूर्ण आयुष्यासाठी नेटके आहे. संगीताचा सामाजिक पाया समजून घ्यायचा असेल तर टॉमस ब्रदर्स यांचे ‘लुई आर्मस्ट्राँग्ज न्यू ऑर्लिन्स’ (२००६) आणि त्याचा पुढचा भाग ‘मास्टर ऑफ मॉडर्निझम’ (२०१४) यांना पर्याय नाही. चर्चमधले गायन, रस्त्यावरचे बँड आणि ग्रामीण भागातून शहरात आलेल्या लोकांचे ब्लूज यांतून हा वादक कसा घडला, हे त्यांच्याइतके बारकाईने दुसऱ्या कोणी दाखवलेले माझ्या वाचनात नाही.

आता मूळ मुद्दा. ‘कॉर्नेट चॉप सुई’ ही आर्मस्ट्राँग यांच्या पाच जणांच्या हॉट फाइव्ह या गटाची तबकडी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी शिकागोत ओके या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली, आणि कित्येक वर्षे ती उत्स्फूर्त वादनाचा नमुना म्हणून सांगितली गेली. परंतु आर्मस्ट्राँग यांनी या रचनेचे स्वतःच्या हाताने केलेले स्वरलेखन हक्कनोंदणीसाठी वॉशिंग्टनला जानेवारी १९२४ मध्येच दाखल केले होते. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, आणि तबकडीतील वादन, त्यातला थांबत्या साथीवरचा सोलोसुद्धा, त्या कागदाशी बव्हंशी जुळतो. म्हणजे ज्याला ‘क्षणात सुचलेले’ म्हटले गेले ते दोन वर्षे आधी कागदावर उतरलेले होते. ज्यांनी ख्याल ऐकला आहे त्यांना यात विरोधाभास वाटणार नाही: बंदिश बांधलेली असते, काही जागाही वर्षानुवर्षांच्या रियाजाने पक्क्या झालेल्या असतात, आणि तरीही मैफलीत त्या नव्या वाटतात. आर्मस्ट्राँग यांनी आपले सोलो असेच घडवले, आणि एकदा मनासारखा झाला की तो सोलो ते जपून ठेवीत.

स्वरलेखन त्यांना येत होते हेही अनेकांना ठाऊक नसते. १९१९ ते १९२१ या काळात मिसिसिपी नदीवरच्या जहाजांवर फेट मॅरेबल यांच्या बँडमध्ये असताना डेव्हिड जोन्स या सहवादकाने त्यांना लिखित संगीत वाचायला शिकवले. १९५४ च्या आत्मचरित्रात याची हकिकत आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये असतानाच ते ग्रामोफोनवर करूझो, तेत्राझीनी आणि गाली-कुर्ची यांच्या ऑपेराच्या तबकड्या ऐकत असत. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ या तबकडीच्या आरंभी साथीशिवाय जी तुतारी उसळते तिच्यामागे हे ऐकणे आहे. शिवाय त्या उसळीचे एक प्राथमिक रूप नोव्हेंबर १९२४ मध्ये मार्गारेट जॉन्सन या गायिकेला साथ करताना ‘चेंजेबल डॅडी ऑफ माइन’ या गाण्यातल्या एका छोट्या ब्रेकमध्ये, म्हणजे साथ क्षणभर थांबते त्या जागेत, सापडते. साडेतीन वर्षे तो विचार त्यांच्या हाताखाली पिकत होता.

हॉट फाइव्हच्याच ‘हीबी जीबीज’ या गाण्याबद्दलची कथाही या संदर्भात तपासावी. गाताना शब्दांचा कागद हातून पडला आणि म्हणून आर्मस्ट्राँग यांनी निरर्थक अक्षरांनी गाणे पुढे नेले, त्यातून स्कॅट गायन जन्मले, असे सांगितले जाते. आर्मस्ट्राँग स्वतःही ते सांगत. ध्वनिमुद्रण मात्र काही वेगळे सुचवते: गडबडून गेलेल्या माणसाची एकही खूण त्या आवर्तनात नाही, अक्षरांची मांडणी कॉर्नेटच्या वाक्यांसारखी तोललेली आहे. अक्षरांशी असा खेळ त्याआधीच्या तबकड्यांतही आढळतो, आणि लहानपणी रस्त्यावर चौघांच्या गटात गाताना आपण हे करीत होतो हेही त्यांनी नमूद केले आहे. कागद खरोखर पडला असेलही. पण तो पडला म्हणून स्कॅट जन्मले, हे मला पटत नाही.

आता १९२३ च्या गलक्याकडे वळू. किंग ऑलिव्हर यांच्या क्रिओल जाझ बँडने ५ आणि ६ एप्रिल १९२३ रोजी इंडियाना राज्यातील रिचमंड येथे जेनेट कंपनीसाठी पहिले ध्वनिमुद्रण केले. ही कंपनी स्टार पियानो कारखान्याची होती, आणि स्टुडिओ रेल्वेरुळांच्या इतका जवळ होता की गाडी जाईपर्यंत काम थांबवावे लागे. मायक्रोफोन नव्हताच. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत, आवाजाच्या दाबाने पडदा हलत असे आणि सुई मेणाच्या फिरत्या चकतीवर खाच कापीत असे. या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढीच पट्टी नीट उतरत असे. मोठा ढोल वाजवला तर सुई उडण्याची भीती, म्हणून बेबी डॉड्स यांचा ढोल ऐकूच येत नाही, लाकडी ठोकळ्यांचा टकटकाट तेवढा येतो. बिल जॉन्सन हे मूळचे बास वादक इथे बँजो वाजवतात. बँडच्या पियानोवादक लिल हार्डिन यांनी पुढे सांगितले आहे की आर्मस्ट्राँग यांचा आवाज ऑलिव्हर यांना झाकून टाकीत असल्याने त्यांना इतरांपासून बरेच मागे, कोपऱ्यात उभे केले होते. म्हणजे आपण जो ‘गलका’ ऐकता त्याचा मोठा वाटा बँडचा नसून कर्ण्यासमोरच्या उभे राहण्याचा आहे.

त्यावर उपाय एवढाच की ऐकण्याचा क्रम उलटा करावा. १९२३ पासून सुरुवात करू नये. आधी २८ जून १९२८ चे ‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐकावे. ते मायक्रोफोनने केलेले विद्युत ध्वनिमुद्रण आहे, अर्ल हाइन्स यांचा पियानो स्वच्छ उतरला आहे, आणि शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग जवळजवळ चार बार (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) एकच वरचा स्वर धरून ठेवतात तेव्हा त्या स्वराचा गाभा आजच्या श्रोत्यालाही मिळतो. मग १० मे १९२७ चे ‘पोटॅटो हेड ब्लूज’ घ्यावे. त्यात साथ दर दोन बारांच्या आरंभी एकच ठोका देऊन गप्प बसते आणि मधली सारी जागा एकटा कॉर्नेट भरतो. लय मनात किती भक्कम असली पाहिजे हे तिथे कळते. १३ डिसेंबर १९२७ च्या ‘हॉटर दॅन दॅट’मध्ये लॉनी जॉन्सन यांच्या गिटारशी आवाजाचे सवाल-जवाब आहेत. आर्मस्ट्राँग यांचा आवाज आणि फुंक यांची अशी ओळख पटली की मागे १९२६, १९२५ असे जात १९२३ ला यावे. तेव्हा त्या दाटीतून तोच स्वर आपोआप वेगळा निघतो.

१९२३ मधले दोनच ठिपके सुरुवातीला धरावेत. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये शेवटाकडे आर्मस्ट्राँग यांचा तबकडीवरचा पहिला सोलो आहे, १२ बारची दोन आवर्तने. दोन्हींत जवळपास तीच ओळ आहे, म्हणजे सोलो आधीच ठरलेला आहे. पण स्वर भरीव आहे, आणि लयीवर बसण्याची तऱ्हा बँडमधल्या इतर कोणासारखी नाही. दुसरे ‘डिपरमाउथ ब्लूज’. यात मुख्य सोलो ऑलिव्हर यांचा आहे, तीन आवर्तनांचा, आणि तो आर्मस्ट्राँग यांनी इतका मनोभावे आत्मसात केला की २९ मे १९२५ रोजी फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर हीच रचना ‘शुगर फूट स्टॉम्प’ या नावाने मुद्रित करताना त्यांनी गुरूचाच सोलो वाजवला. ऑलिव्हर यांना ते आयुष्यभर ‘पापा जो’ म्हणत राहिले. चरित्रांत या नात्यावर पानेच्या पाने आहेत, पण या दोन तबकड्या एकामागोमाग लावल्या की ते जसे उमगते तसे त्या पानांतून उमगत नाही.

त्याहून मोलाची जोडी ‘वेदर बर्ड’ची आहे. ही रचना आर्मस्ट्राँग यांची. ६ एप्रिल १९२३ रोजी ऑलिव्हर यांच्या बँडने ‘वेदर बर्ड रॅग’ म्हणून ती वाजवली, आणि ५ डिसेंबर १९२८ रोजी आर्मस्ट्राँग व अर्ल हाइन्स या दोघांनीच, बाकी कोणालाही न घेता, ती पुन्हा मुद्रित केली. पहिल्यात सात जण एकाच वेळी बोलतात आणि दोन कॉर्नेट एकत्र ब्रेक घेतात. दुसऱ्यात दोन माणसे एकमेकांना चकवतात, अडवतात, वाट देतात. मधल्या साडेपाच वर्षांत जाझमध्ये जे बदलले ते या दोन बाजूंत ऐकू येते. मी कोणालाही हा काळ समजावताना पुस्तक उघडण्याआधी ही जोडी ऐकवते.

आर्मस्ट्राँग हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात होते त्या न्यूयॉर्कमधल्या वर्षाकडे, म्हणजे सप्टेंबर १९२४ ते नोव्हेंबर १९२५ कडे, श्रोते फारसे वळत नाहीत, ते वळावे. हेंडरसन यांच्या ‘कोपनहेगन’ आणि ‘शांघाय शफल’मध्ये ताठ चालीचा वाद्यवृंद आर्मस्ट्राँग यांच्या काही बारांपुरता मोकळा होतो आणि पुन्हा ताठ होतो. जानेवारी १९२५ च्या ‘केक वॉकिंग बेबीज फ्रॉम होम’मध्ये सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या सिडनी बेशे यांच्याशी त्यांची जी अटीतटी आहे तिला त्या काळात तोड नाही. आणि १४ जानेवारी १९२५ चे बेसी स्मिथ यांचे ‘सेंट लुई ब्लूज’ तर मराठी श्रोत्याने अवश्य ऐकावे: त्यात पियानो नाही, फ्रेड लाँगशॉ पायाने भाता मारून वाजवायचा रीड ऑर्गन वाजवतात, आपल्या संगीत नाटकांच्या साथीला असे त्याच जातीचे वाद्य. गायिकेची प्रत्येक ओळ संपते तिथे कॉर्नेट उत्तर देतो आणि तिच्या श्वासाआधी बाजूला होतो.

हॉट फाइव्हबद्दल एक सावधगिरी. १२ नोव्हेंबर १९२५ पासून सुरू झालेल्या या तबकड्यांमुळे असे वाटते की आर्मस्ट्राँग रोज रात्री किड ओरी, जॉनी डॉड्स, जॉनी सेंट सीर आणि लिल यांच्यासह वाजवीत असत. प्रत्यक्षात हा जवळजवळ केवळ स्टुडिओतला गट होता. त्यांची रोजची नोकरी व्हेंडोम चित्रपटगृहात अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात आणि नंतर सनसेट कॅफेत होती. टेट यांच्या वाद्यवृंदाची आर्मस्ट्राँग यांच्यासह २८ मे १९२६ रोजी मुद्रित झालेली एकच तबकडी आहे: एका बाजूला ‘स्टॅटिक स्ट्रट’, दुसऱ्या बाजूला ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’. रिकार्डी यांच्या पुस्तकाचे नाव तिथलेच. त्या तबकडीवर पियानोला टेडी वेदरफर्ड आहेत, आणि त्यांच्यामुळे ही कहाणी आपल्या दारापर्यंत येते. वेदरफर्ड त्याच वर्षी आशियाकडे निघाले, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारले. मुंबईतल्या गोव्याच्या वादकांना जाझ तबकड्यांबरोबरच अशा माणसांच्या शेजारी बसून मिळाले. ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले गेलेले, आल्दोन्याचे चिक चॉकलेट याच मुंबईत नावारूपाला आले आणि पुढे सी. रामचंद्र यांच्यासाठी चित्रपटसंगीतात काम करू लागले. ‘अलबेला’ (१९५१) मधली गाणी कानात असलेल्या श्रोत्याला हॉट फाइव्ह पूर्णपणे परके वाटणार नाहीत.

शेवटी कोणती प्रत ऐकावी. हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी आपल्या तक्रारीचे अर्धे उत्तर त्यात आहे. त्या काळी ७८ ही गती कटाक्षाने पाळली जात नव्हती, त्यामुळे तबकडी सरसकट ७८ फेऱ्यांनी फिरवली तर पट्टी वर किंवा खाली सरकते आणि कॉर्नेटचा रंग बदलतो. आम्ही रूपांतर करताना त्या वाद्यांना सोयीची पट्टी कोणती असेल ते पाहून गती ठरवतो, आणि झिजलेल्या खाचेत न झिजलेला थर गाठण्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून पाहतो. खरखर पूर्ण पुसून टाकणारी रूपांतरे टाळावीत, कारण खरखरीबरोबर कॉर्नेटची धारही जाते. ऑलिव्हर यांच्या १९२३ च्या सर्व ३७ बाजूंसाठी आर्किओफोन कंपनीचा ‘ऑफ द रेकॉर्ड’ हा संच घ्यावा. त्यात ‘झुलूज बॉल’ही आहे, जिच्या मूळ तबकडीची जगात एकच प्रत ज्ञात आहे. हॉट फाइव्ह आणि आर्मस्ट्राँग यांच्याच सात जणांच्या हॉट सेव्हनसाठी जॉन आर. टी. डेव्हिस यांनी केलेली, जेएसपी कंपनीने काढलेली रूपांतरे मला आजही सर्वांत विश्वासार्ह वाटतात. ऐकताना हेडफोनपेक्षा एकच स्पीकर वापरावा, आणि ध्वनिमुद्रण एका वाहिनीचे असल्यामुळे स्टिरिओचा कृत्रिम परिणाम देणारी सोय बंद ठेवावी.